कड्यापासून चार उड्यांवर

दिवस पहिला : ऋषिकेश ते उखीमठ

भाच्याला ताहर बघायचा होता. "मावशी, मानेवर सिंहासारखी आयाळ असलेला बकरा!" हे वाक्य मी ऋषिकेशपासून देवप्रयागपर्यंत सहा वेळा तरी ऐकलं. मला मात्र गोरल हवा होता. उंचीला मोठ्या शेळीएवढा, रंगाला वाळक्या गवतासारखा, आणि हिमालयात जाणाऱ्या कुणाच्याही यादीत नसलेला. भाच्याच्या मते हा माझा नेहमीचा आडमुठेपणा. असेलही.

रुद्रप्रयागच्या अलीकडे गुलाबराय लागतं. २ मे १९२६ रोजी जिम कॉर्बेटने नरभक्षक बिबट्याला इथे मारलं. सरकारी हिशेबात त्या बिबट्याच्या नावावर १२५ माणसं होती. भाच्याने खिडकीतून फोटो काढला. मी वरच्या उताराकडे बघत राहिले, कारण बिबट्याचं पिढीजात जेवण माणूस नव्हे. या डोंगरांत त्याच्या डब्यात गोरल, काकड (म्हणजे आपलं भेकर), रानडुक्कर आणि मिळालंच तर गावातलं कुत्रं किंवा वासरू असतं. गोरलचं सगळं वागणं समजून घ्यायचं तर बिबट्याला विसरून चालत नाही.

रुद्रप्रयागला अलकनंदेचा हात सोडून आम्ही मंदाकिनीच्या कडेने वर निघालो. अगस्त्यमुनी, कुंड, मग वळणं घेत उखीमठ. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. केदारनाथाची डोली हिवाळ्यासाठी ओंकारेश्वर मंदिरात येऊन बसली होती आणि यात्रेकरू ओसरले होते. रात्री आमचे वाटाडे भेटायला आले. चाळिशीचे, बारीक, कानटोपीवाले. गढवालात थोरल्या भावाला 'भैजी' म्हणतात, सगळं गाव त्यांना तेच म्हणत होतं, म्हणून आम्हीही भैजीच म्हटलं. वयाने मी मोठी असूनही.

"गोरल?" ते म्हणाले. "अच्छा, घ्वीड!" आणि हसले. वरच्या चोपत्याला जाणारे लोक मोनाल पक्षी विचारतात, कस्तुरीमृग विचारतात, ताहर विचारतात. घ्वीड विचारणारी मी पहिलीच असावी. पलीकडे कुमाऊँत यालाच घुरड म्हणतात.

दिवस दुसरा : शिंक

पहाटे साडेचारला चहा, पाचला पायवाट. सारी गावाच्या बाजूचा दक्षिणेकडे तोंड केलेला एक उतार भैजींनी निवडला होता. त्यामागचं कारण सरळ आहे. हिमालयात उत्तर उतारावर सावली, ओल आणि जंगल. दक्षिण उतारावर ऊन, गवत आणि उघडे खडक. गोरलला दोन गोष्टी लागतात, खायला गवत आणि पळायला कडा. दोन्ही शेजारी शेजारी असतील तिथेच तो राहतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटरपासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत कुठेही चालेल, पण नुसतं कुरण किंवा नुसतं दाट रान त्याला चालत नाही.

भैजींचं माप याहून सोपं होतं. घ्वीड कड्यापासून चार उड्यांपेक्षा लांब चरत नाही. म्हणून गवतात शोधायचं नाही, कडा शोधायचा आणि तिथून खाली चार उड्या मोजायच्या.

आम्ही मोजल्या. दुर्बीण लावून अर्धा तास मोजल्या. समोर पिवळं गवत, राखाडी खडक, मध्ये कुठे कुठे बांजाची, म्हणजे इथल्या ओकची, खुरटी झाडं. भाच्याने सात गोरल शोधले. सातही दगड निघाले. मी दोन शोधले. त्यातला एक दगड आणि एक तोडलेल्या झाडाचा बुंधा. भैजी शांतपणे म्हणाले, "पत्थर मत देखो जी, पत्थर का किनारा देखो." म्हणजे आकार बघू नका, कडेची रेघ बघा. दगडाच्या रेघेला कान नसतात.

पावणेसातच्या सुमाराला कुणीतरी शिंकलं. खरोखर शिंकल्यासारखाच आवाज, नाकातून जोरात सोडलेली हवा, "छ्छी!" आणि थोड्या वेळाने परत. भाचा मागे वळून बघायला लागला. भैजींनी बोट वर केलं. हाच गोरलचा इशारा. बिबट्या दिसला, माणूस दिसला, काही खटकलं की तो असा नाकातून फुसकारतो आणि आसपासचे बाकीचे जागच्या जागी थिजतात. आम्ही त्याला दिसलो होतो. तो आम्हाला दिसला नाही. ही देवाणघेवाण संध्याकाळपर्यंत अशीच एकतर्फी चालणार होती.

प्राणी दिसत नाही तेव्हा त्याचं घर बघावं. ऊन चढल्यावर भैजी आम्हाला वळसा घालून त्या कड्याच्या बगलेत घेऊन गेले. ताटाएवढ्या सपाट जागा, वर खडकाचं छप्पर, खाली दोन-तीनशे फूट काही नाही. गवत दबलेलं. कडेला लेंड्या, काही ताज्या काळ्या, काही महिन्यांपूर्वीच्या, पांढुरक्या झालेल्या. म्हणजे जागा ठरलेली आहे. सकाळी चरून झालं की गोरल अशा फळीवर येऊन पाय दुमडून बसतो आणि दुपारभर रवंथ करतो. पाठीला खडक, समोर अख्खी दरी. बिबट्याला येण्यासाठी एकच वाट, आणि ती वाट बसल्या जागेवरून दिसते. मला हेवा वाटला. मी मात्र तिथे जेमतेम दोन मिनिटं उभी राहिले, तेही भैजींचा हात धरून.

मातीच्या एका पट्ट्यात खुराचा ठसा मिळाला. दोन बोटं, पुढे थोडी फाकलेली. खुराची कड कठीण आणि टोकदार, आतला तळवा मऊसर. कड खडकाच्या खाचेत अडकते, तळवा सपाट दगडाला चिकटतो. माझे बूट बरेच महाग होते आणि त्यांना यातलं काहीच जमत नव्हतं.

संध्याकाळी, उजेड जायला दहा मिनिटं असताना, अखेर एक दगड चालायला लागला. गळ्यावर पांढरा डाग, मागे वळलेली छोटी शिंगं. आठ सेकंद, फार तर दहा. मग कड्यावरून पाणी ओघळावं तसा तो खाली ओघळला आणि संपला. भाच्याच्या फोटोत गवत उत्तम आलं होतं.

दिवस तिसरा : एकाच जागी दहा तास

आदल्या दिवशीची चूक रात्रीच लक्षात आली होती. आपण चालत होतो. ज्या प्राण्याचा सगळा भरवसा हालचाल टिपण्यावर आहे, त्याच्या डोळ्यांसमोर आपण दिवसभर रंगीत जाकिटं घालून फिरलो. आज भैजींनी त्याच कड्याच्या समोरच्या सोंडेवर, मध्ये ओढ्याची घळ ठेवून, एका देवदाराच्या बुंध्याशी बसवलं. अंतर तीनेकशे मीटर. हलायचं नाही. पराठे तिथेच. भाच्याच्या तोंडावरचा भाव मी इथे लिहीत नाही.

सहाला कोकलास तितरांची आरडाओरड झाली. साडेसहाला चौखंबाच्या टोकाला रंग आला. आणि सात वाजता, काही न होता, समोरच्या गवतात चार गोरल होते. "आले" म्हणवत नाही. बहुतेक ते तिथेच असावेत आणि उजेडाने ते आम्हाला दाखवले असावेत.

दोन माद्या, एक गेल्या वर्षीचं दांडगं पिल्लू आणि एक यंदाचं करडू, सहा महिन्यांच्या आसपासचं. करडं मे-जूनमध्ये जन्मतात, शक्यतो एकच, क्वचित जुळी. तेव्हा कोवळं गवत फुटू लागलेलं असतं आणि पावसाने ते आणखी वाढणार असतं, आईच्या दुधाची सोय होते. आता नोव्हेंबरात करडू गवत खात होतं, पण मधूनच आईच्या पोटाखाली तोंड घालून बघायचं आणि आई पुढे चालायला लागायची. दूध तुटण्याचे दिवस. ही भांडणं कोणत्याही प्राण्यात सारखीच दिसतात.

दुर्बिणीतून निवांत बघायला मिळालं तेव्हा हा प्राणी कसा आहे ते कळलं. खांद्याशी साठ-सत्तर सेंटिमीटर, वजन पंचवीस ते चाळीस किलोंच्या दरम्यान. केस राठ, आत लोकरीचा थर. पाठीच्या कण्यावर गडद रेघ, मानेवर आखूड ताठ केस, पाय अंगापेक्षा फिके. दाढी नाही. चेहरा बकरीचा म्हणावा तर हरणाचा वाटतो, आणि हरीण म्हणावं तर चाल पक्की बकरीची. शास्त्रज्ञांचीही पंचाईत झालीच होती. १८२५ साली थॉमस हार्डविक याने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा त्याला कुरंगांच्या खात्यात टाकलं. पुढे त्याच्या प्रजातीला 'नीमोऱ्हीडस' हे नाव मिळालं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साधारण 'रानातलं करडू'. आज तो शेळ्या-मेंढ्यांच्याच उपकुळात मोजतात. ना धड बकरी, ना धड हरीण, पण कागदोपत्री बकरीकडचा.

शिंगं नर-मादी दोघांनाही असतात, वीतभरापेक्षा लहान, मागे वळलेली. नराची बुडाशी जाड आणि ठळक वळ्यांची, मादीची बारीक. लांबून हा फरक ओळखणं अवघड आहे. भैजी ओळखत होते, मी माना डोलवत होते. ही शिंगं जन्मभराची. सांबर किंवा काकडासारखी दरवर्षी गळून नवी येत नाहीत.

चरण्याची पद्धत बघण्यासारखी होती. चार घास, मान वर. चार घास, मान वर. चौघं एकदम कधीच मान खाली घालत नव्हते. आणि उतारावर कितीही पुढे गेले तरी भैजींच्या चार उड्यांची हद्द कुणी ओलांडली नाही. करडू एकदा सहा उड्यांवर गेलं. आईने नुसतं बघितलं. ते परत आलं.

साडेनऊला ऊन अंगावर आलं आणि एकेक करून सगळे कड्यात शिरले. मग साडेसहा तास काहीही घडलं नाही. खोटं कशाला बोलू, मी अर्धा तास झोपले. भाच्याने पायाला मुंग्या आल्याचं तीनदा सांगितलं. एकदा वरून एक सोनगरुड घळीत उतरला, त्याची सावली कड्यावरून सरकली तशी करडू आईच्या पोटाला जाऊन चिकटलं. मोठ्यांनी फक्त डोळे फिरवले. सोनगरुड लहान करडू उचलू शकतो, मोठ्या गोरलच्या वाटेला जात नाही. पिवळ्या गळ्याचा मार्टेन, मुंगसाच्या थाटाचा पण बराच मोठा आणि दोघा-तिघांच्या टोळीने हिंडणारा, तोही करडांचा शत्रू.

चार वाजता मजा आली. खालच्या बांजातून एकटा नर वर चढला. म्हातारे नर एरवी एकटेच असतात, पण नोव्हेंबर-डिसेंबर हा त्यांचा लग्नसराईचा हंगाम. या दिवसांत एक नर बावीस-पंचवीस हेक्टर, म्हणजे पन्नास-साठ एकर तुकडा आपला मानतो. हा नर मान लांब करून, नाक पुढे धरून एका मादीमागे चालत राहिला. ती चरत राहिली. तो थांबला, तीही थांबली. ती चार पावलं गेली, तोही गेला. वीस मिनिटं हेच. शेवटी मादी एका अशा खडकावर जाऊन उभी राहिली जिथे दुसऱ्याला उभं राहायला जागाच नव्हती. नर खाली उभा राहून वर बघत राहिला. भाचा म्हणाला, "बिचारा." मी म्हटलं, "हुशार आहे ती."

रात्री खोलीवर फोटो बघणं झालं. चांगला म्हणावा असा एकच, चौघं एका चौकटीत. भैजींनी चहाचा पेला खाली ठेवला, बोटाने पडदा मोठा केला आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातला दगड दाखवला. दगडाला कान होते. दहा तास बसून आम्ही चार मोजत होतो, तिथे सकाळपासून पाच होते.

दिवस चौथा : तुंगनाथ

आज भाच्याचा दिवस. उखीमठहून चोपता तासाभराचा रस्ता, तिथून तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंद चढण. पंचकेदारांतलं हे सगळ्यात उंच मंदिर, ३६८० मीटर. देव मक्कूमठला खाली उतरलेले, दाराला कुलूप. हा सगळा भाग १९७२ साली स्थापन झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो. ९७५ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य मुख्यतः कस्तुरीमृगासाठी आहे. कस्तुरीमृग उत्तराखंडचा राज्यप्राणी. गोरलला असला मान नाही.

ताहर मात्र शोधावा लागला नाही. मंदिराच्या अलीकडेच कड्यावर अकरा-बाराजणांचा कळप उघड्यावर बसला होता. मोठा नर उठला आणि वाऱ्याने त्याची आयाळ एका बाजूला झाली, तेव्हा मान्य करते, माझ्याही तोंडून "अहाहा" निघालं. ऐंशी-नव्वद किलोंपर्यंत जाणारा गडी, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यांचाही हंगाम हाच. नर आयाळ फुलवून, आडवा उभा राहून प्रतिस्पर्ध्याला आपली रुंदी दाखवतो. दरीतून वर बघणाऱ्यालाही ती दिसावी असाच बेत. गोरल सगळं आयुष्य न दिसण्यात घालवतो आणि हा दिसण्यात. १९०४ साली काही ताहर न्यूझीलंडला नेऊन सोडले होते. ते तिथे इतके फोफावले की आता त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारला शिकार करावी लागते. हे भाच्याने सांगितलं, आणि बरोबर आहे.

नावांचा एक घोळ इथेच सांगते. भैजी ताहरला 'थार' म्हणत होते. नेपाळात ताहरला 'झारल' म्हणतात आणि 'थार' म्हणजे तिसराच प्राणी, सेरो. सेरोच्या शास्त्रीय नावातही 'थार' हाच शब्द बसला आहे. तेव्हा हिमालयात कुणी "थार बघितला" म्हणालं की आधी कुठे ते विचारावं.

कळपाखालच्या वळणावर एक तरुण मंडळ स्पीकर लावून बसलं होतं. ताहर उठून एक टप्पा वर गेले आणि परत बसले. गोरल असता तर तो दिवस तिथे संपला असता.

दिवस पाचवा : मंडलमार्गे खाली

चोपत्याहून मंडलकडे उतरणारा रस्ता म्हणजे सलग जंगल. आधी खर्सू हा उंचावरचा ओक, मग बांज, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन), ओढ्याच्या कडेला रिंगाळ हा बारीक बांबू. सेरो दिसायचा तर इथे. गोरलचाच नातलग, पण गाढवाएवढा थोराड, लांब कानांचा, काळसर आणि एकलकोंडा. गवताऐवजी दाट, ओली घळ पसंत करणारा. आम्हाला त्याचा उकिरडा मिळाला. एकाच जागी वर्षानुवर्षं जाऊन केलेला लेंड्यांचा ढीग. मालक घरी नव्हता. मला त्याचं वाईटही वाटलं नाही, डोळे अजून तिसऱ्या दिवसातच होते.

मंडलच्या वर दोन बायका गवताचे भारे घेऊन उतरत होत्या. भारा एवढा मोठा की बाई दिसत नाही, चालणारी गंजी दिसते. त्यांनी टेकायला भारे टेकवले, भैजींनी विडी पेटवली, गप्पा सुरू झाल्या. हिवाळाभर गाईगुरांना पुरेल एवढं गवत त्यांना याच दिवसांत कापून ठेवायचं असतं, आणि तेही दक्षिण उतारावरचंच, जे घ्वीडलाही हवं असतं. मी विचारलं, मग त्याला काय उरतं? थोरली दीदी कोयत्याने वर दाखवत म्हणाली, "जहाँ हमारा पैर नहीं टिकता, वो सब उसका." गेल्या साली तिच्या नात्यातली एक बाई गवत कापताना याच डोंगरावरून घसरून पडली होती. मग जरा वेळ कुणी काही बोललं नाही.

गोरलची चिंता या उतारांवरच आहे. आंतरराष्ट्रीय यादीत तो 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात आहे. चोरटी शिकार आहेच. उन्हाळ्यात लागणारे वणवेही आहेत, जरी जळल्या जागी फुटणारं कोवळं गवत त्याला आवडतं. आणि गुरं जसजशी वर सरकतात तसतसा त्याच्या वाट्याचा उतार अरुंद होत जातो. कडा कुणी खात नाही, पण नुसत्या कड्यावर पोट भरत नाही.

मंडलला भैजींनी निरोप घेतला, त्यांना परत उखीमठला जायचं होतं. भाच्याने त्यांना पाचवा गोरल असलेला फोटो पाठवायचं कबूल केलं. ताहरचा नव्हे, हे मी मुद्दाम कानांत साठवून घेतलं.

गोपेश्वर ओलांडून गाडी चमोलीकडे उतरत असताना ड्रायव्हरने एकदम ब्रेक लावला. पुढे रस्त्यावर सुपारीएवढे दोन-तीन खडे टपटपले. मग मुठीएवढा एक दगड, टप्पा घेऊन दरीत गेला. ड्रायव्हरने काचेतून मान बाहेर काढली आणि बराच वेळ वर बघितलं. दरड असेल तर थांबायचं, जनावर असेल तर निघायचं, असा त्याचा हिशेब. आम्हीही खाली उतरून बघितलं. वर पिवळं गवत, राखाडी कडा, आणि कड्याच्या रेघेला कुठेच कान नव्हते.

"घ्वीड ही होगा," तो म्हणाला, आणि गिअर टाकला.